निंबाळचे तत्त्वज्ञ : गुरुदेव रानडे

जुन्या मराठी घरांत गुरुदेव रा. द. रानडे यांची आठवण बहुधा दोन ठिकाणी जपलेली आढळते. देवघरात त्यांची तसबीर असते आणि पुस्तकांच्या कपाटात ‘ज्ञानेश्वर वचनामृत’ नाहीतर ‘तुकाराम वचनामृत’ असते. तसबिरीला हात जोडणारे कपाटाकडे क्वचितच वळतात, आणि कपाट उघडणारे विद्वान तसबिरीचा विषय निघाला की जरा संकोचतात. अशा रीतीने एकाच पुरुषाचे दोन भाग करून आपण ते दोन खोल्यांत ठेवले आहेत. वस्तुतः मन, विकास आणि धर्म या तीन गोष्टींचा एकत्र विचार करण्यातच त्यांचे सारे आयुष्य गेले. म्हणून हे दोन भाग पुन्हा शेजारी ठेवून पाहावेत, एवढाच या लेखाचा उद्देश.

मी तत्त्वज्ञानाचा पंडित नव्हे. माझे वडील दरबारी गवई. संस्थान विलीन झाले तरी राजवाड्यातील उत्सवाला त्यांची हजेरी कधी चुकली नाही. मी कलबुर्गीत गाणे शिकवतो. माझ्याकडे येणारी मुले आळंद, अफझलपूर, बसवकल्याण या भागांतील; कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कानडी, तर कोणाच्या घरी दखनी बोलली जाते. त्यांना शिकवण्यासाठी कानडी पदे आणि मराठी अभंग शोधता शोधता मी निंबाळच्या भजनापाशी पोहोचलो, आणि भजनातून पुस्तकाकडे वळलो. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते गवयाच्या कानाने वाचलेले रानडे आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

रामचंद्र दत्तात्रय रानडे यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात झाला. १९०१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून त्यांना नाम मिळाले. पुढल्याच वर्षी ते मॅट्रिक झाले आणि पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले. ग्रीक विचारवंतांचे त्यांना मोठे आकर्षण होते, आणि गणिताची भाषा तर त्यांच्या विचारात शेवटपर्यंत टिकून राहिली. १९०७ मध्ये ते बी. ए. झाले, परंतु एम. ए. व्हायला १९१४ साल उजाडावे लागले. मधल्या काळात एका दुर्धर दुखण्याने त्यांना गाठले होते. त्यानंतर प्रकृती जन्मभर तोळामासाच राहिली.

या आजाराचा उल्लेख त्यांच्या चरित्रात भक्तिभावाने केला जातो. मला त्याचे महत्त्व निराळे वाटते. ज्याचे शरीर पदोपदी दगा देते, त्याला मन आणि शरीर यांचा संबंध पुस्तकातून शिकावा लागत नाही. पुढे उपनिषदांतील मानसशास्त्रावर लिहिताना अन्न, निद्रा, श्वास, थकवा असल्या साध्या गोष्टींना त्यांनी जे स्थान दिले, त्यामागे हा स्वानुभव असावा असे मला वाटते.

एम. ए. झाल्यावर ते फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. हे कॉलेज म्हणजे आगरकरांचे कॉलेज. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर पुण्याच्या सुशिक्षितांच्या एका पिढीने मिल आणि स्पेन्सर वाचून धर्माला बुद्धीच्या न्यायासनापुढे उभे केले. या पिढीचे अग्रणी आगरकर १८९५ मध्ये निवर्तले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी त्याच कॉलेजात हा तरुण शिकवू लागला. तो नित्य नामस्मरण करी, आणि वर्गात मात्र कोणतेही मत कारणाशिवाय स्वीकारू नये असे शिकवी. बुद्धीच्या न्यायासनाला त्याचा आक्षेप नव्हता. उलट साधकाच्या अनुभवानेही त्या न्यायासनापुढे साक्ष द्यावी, आणि उलटतपासणीत टिकली तरच ती ग्राह्य मानावी, असा त्याचा आग्रह होता. रानड्यांची सारी शिकवण या एका आग्रहात आली आहे, असे म्हणता येईल.

फर्ग्युसननंतर थोडा काळ ते सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातही होते, हे येथील वाचकांना सांगायला नको. पुढे गंगानाथ झा यांच्या निमंत्रणावरून ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्रमुख म्हणून गेले, तेथे कुलगुरूपदापर्यंत पोहोचले आणि १९४६ मध्ये निवृत्त होऊन निंबाळला येऊन राहिले. निंबाळ हे विजापूर जिल्ह्याच्या इंडी तालुक्यातील लहानसे गाव, सोलापूर–विजापूर लोहमार्गावरचे. पूर्वेला भीमा ओलांडली की कलबुर्गीचा अफझलपूर तालुका लागतो, आणि त्यातच दत्तभक्तांचे गाणगापूर आहे. अशा कोरड्या माळावर हा ग्रीक जाणणारा पंडित राहू लागला, आणि नांगर धरणाऱ्यांपासून न्यायाधीशांपर्यंत सारे त्याच्याबरोबर नेमाला बसू लागले.

आता त्यांच्या विचारांकडे वळू. १९२६ मध्ये त्यांचा ‘ए कन्स्ट्रक्टिव्ह सर्व्हे ऑफ उपनिषदिक फिलॉसफी’ हा इंग्रजी ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यात सात प्रकरणे आहेत. दुसरे सृष्टीच्या उत्पत्तीविषयी, तिसरे मनाविषयी आणि सातवे आत्मसाक्षात्काराविषयी. या क्रमातच त्यांची दृष्टी दिसते. आधी जग, मग जगाकडे पाहणारे मन, आणि शेवटी त्या मनाला होणारा साक्षात्कार.

मनाच्या प्रकरणात छांदोग्यातील श्वेतकेतूची कथा येते. बाप त्याला पंधरा दिवस उपाशी राहावयास सांगतो. केवळ पाणी पिण्याची मुभा देतो. मग वेद म्हणून दाखवायला सांगतो, तेव्हा मुलाला काहीच आठवत नाही. जेवण होताच सारे पुन्हा आठवते. मन अन्नमय आहे हे बापाने मुलाला व्याख्यान न देता प्रयोगाने पटवले. रानड्यांना अशा जागा फार मोलाच्या वाटतात. आपले पूर्वज मनाविषयी केवळ उदात्त बोलत नव्हते, ते निरीक्षण करीत होते. झोप का येते, स्वप्न कोण पाहतो, संकल्प श्रेष्ठ की बुद्धी, असे रोखठोक प्रश्न ते विचारीत होते. ही चर्चा रानडे जुन्या ग्रंथाची पूजा म्हणून करीत नाहीत. आजच्या मानसशास्त्राशेजारी ठेवून तपासतात.

याच उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे येतो. त्याने वेद, इतिहास, गणित, तर्क, सारे पढले आहे. तरी तो दुःखी आहे. सनत्कुमार त्याला नामापासून वाणीकडे, वाणीपासून मनाकडे, मनापासून संकल्प, चित्त, ध्यान असे पायरी पायरीने वर नेतात. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून मोठी, परंतु आधीची पायरी टाकून देता येत नाही. रानड्यांच्या विचारात विकास म्हणजे काय हे समजण्यास हा जिना फार उपयोगी पडतो.

सृष्टीच्या प्रकरणातही अशीच चढण आहे. कोणी ऋषी म्हणतो पाणी आधी, कोणी वायू, कोणी अग्नी, कोणी आकाश. शेवटी उद्दालक सत् या तत्त्वापाशी येतो. रानड्यांनी याच्या शेजारी ग्रीकांना बसवले: पाणी म्हणणारा थेलीझ, वायू म्हणणारा अ‍ॅनॅक्झिमिनीझ, अग्नी म्हणणारा हेराक्लायटस. कोणी कोणाकडून उसने घेतले या वादात आपल्याकडील अभिमानी लोक मोठ्या हौसेने उतरतात. रानड्यांचा कल निराळ्या उत्तराकडे होता. माणसाचे मन सर्वत्र सारखे असल्याने तेच प्रश्न विचारता विचारता दोन देश स्वतंत्रपणे सारख्या उत्तरांपाशी आले. डार्विनचे शास्त्र आमच्या ऋषींना आधीच ठाऊक होते, असल्या बढाईची त्यांना गरज पडली नाही. विचारालाही बाल्य असते आणि प्रौढत्व असते, आणि श्रुतीच्या आतही तो क्रम दिसतो, हे त्यांनी शांतपणे मांडले. श्रद्धाळू घरात वाढलेल्या माणसाने १९२६ मध्ये असे लिहिणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

जे विचाराचे, तेच साधकाचे. साधकाचा विकास कोठे संपतो? जीव आणि ब्रह्म एकच आहेत असे वेदान्त सांगतो. मग साक्षात्कारी पुरुष देवच झाला काय? येथे रानड्यांच्या मदतीला गणित येते. भूमितीत एक वक्ररेषा अशी असते, की ती एका सरळ रेषेच्या सतत जवळ जाते. अंतर क्षणोक्षणी घटते, परंतु कितीही दूर नेली तरी ती त्या रेषेला मिळत नाही. त्या सरळ रेषेला अनंतस्पर्शी रेषा म्हणतात. साधक देवाकडे असा जातो, असे रानड्यांचे मत. जवळीक खरी, ती वाढते हेही खरे, परंतु देहात असेतो थोडे अंतर उरतेच.

हे वाचले तेव्हा मला तंबोरा आठवला. जोडीच्या दोन तारा मिळवताना, त्यांच्यातील फरक सेकंदाला एका कंपनाचा असेल, तर नाद दर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. खुंटी किंचित फिरवली, मणी किंचित सरकवला, की ही लाट लांबते. फरक दहावा हिस्सा उरला की दहा सेकंदांनी एक लाट. शंभरावा उरला तर शंभर सेकंदांनी. पण शंभर सेकंद तार वाजतच नाही. तोवर नाद विरून जातो. म्हणजे तारा मिळाल्या असे आपण म्हणतो, तेव्हा अंतर मुळीच उरले नाही असे आपल्याला सिद्ध करता येत नाही. उरलेले अंतर आता आपल्या श्वासापेक्षा मोठे झाले आहे, इतकेच आपण सांगू शकतो. तरीही मिळालेला तंबोरा आणि न मिळालेला तंबोरा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे लहान पोरालाही कळते. माझ्या समजुतीने रानड्यांच्या वक्ररेषेचा अर्थ हाच आहे. पूर्णतेचा दावा करू नये. परंतु पूर्णतेचा दावा करता येत नाही म्हणून सूर आणि बेसूर सारखेच, असेही म्हणू नये.

यात नुसती नम्रता नाही. धर्माच्या व्यवहारात याचा मोठा परिणाम होतो. अंतर उरतेच, हे एकदा मान्य केले की कोणत्याही गुरूला, पंथाला किंवा भाषेला आपण पोहोचलो आणि बाकीचे उरले असे म्हणता येत नाही. निंबाळची परंपराच याचे उदाहरण आहे. मूळ पुरुष निंबर्गी महाराज लिंगायत. त्यांचे शिष्य रघुनाथप्रिय साधुबुवा. त्यानंतर उमदीचे भाऊसाहेब महाराज. १९१४ मध्ये इंचगेरी येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे अंबुराव महाराज, आणि १९३३ मध्ये तेही गेल्यावर साधक रानड्यांकडे येऊ लागले. भाऊसाहेबांच्याच दुसऱ्या शाखेत सिद्धरामेश्वर महाराज आणि त्यांचे मुंबईतील शिष्य निसर्गदत्त महाराज झाले. त्या शाखेचा मार्ग विहंगम, म्हणजे विचाराच्या पंखाने झेप घेण्याचा. निंबाळचा पिपीलिका मार्ग, मुंगीच्या पावलाने नित्य नेम करीत जाण्याचा. वक्ररेषेचे गणित मुंगीच्याच मार्गाला शोभते.

१९३३ मध्ये ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ प्रसिद्ध झाला. त्यात ज्ञानेश्वरांचा अनुभव बुद्धिप्रधान, नामदेवांच्या काळचा लोकसमावेशक, एकनाथांचा समन्वयाचा, तुकोबांचा व्यक्तिगत तळमळीचा आणि रामदासांचा कर्मप्रधान, अशी मांडणी आहे. पाच स्वभावांची पाच माणसे एकाच दिशेने पण निरनिराळ्या वाटांनी जातात, हे रानड्यांनी दाखवले. हीच दृष्टी पुढे हिंदी संतांकडे वळली, तो ग्रंथ १९५४ चा. कन्नड संतांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९६० मध्ये निघाला. अनुभव खरा की भ्रम, याच्या कसोट्याही त्यांनी सांगितल्या. तो एकट्याचा नसावा, निरनिराळ्या देशांतील व काळांतील माणसांना आलेला असावा. त्याने बुद्धी धारदार व्हावी, भावना शुद्ध व्हाव्यात, आणि वागणूक सुधारावी. ध्यानात तेज दिसले, नाद ऐकू आला, आणि माणूस घरी येऊन पूर्वीसारखाच कपटाने वागू लागला, तर त्या तेजाची आणि नादाची किंमत शून्य.

या विचारावर आक्षेप घेता येत नाहीत असे नाही. पहिला आक्षेप असा, की अनुभव घेणारा आणि त्याची परीक्षा करणारा एकच असेल तर निकालावर विश्वास कसा ठेवावा? वागणुकीची कसोटी दुसऱ्यांना पाहता येते, हे याचे उत्तर. पण ते अर्धेच उत्तर आहे. सद्वर्तनी माणसालाही भ्रम होऊ शकतो. दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. संतांचा अनुभव हेच केंद्र मानल्याने त्यांच्या सामाजिक दुःखाकडे रानड्यांचे लक्ष कमी गेले. चोखोबांची व्यथा केवळ देवाच्या विरहाची नव्हती; देवळाच्या दाराबाहेर उभे राहावे लागल्याचीही होती. बसवण्णांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, बाराव्या शतकात जो संघर्ष झाला तो एकांतातल्या ध्यानावरून झाला नाही; जातीची भिंत पाडण्यावरून झाला. सीमाभागात राहणाऱ्याला हे विसरता येत नाही. रानड्यांचे मोठेपण मान्य करूनही ही उणीव सांगितली पाहिजे. उलटतपासणी टाळू नये हे त्यांनीच शिकवले आहे.

त्यांच्या अखेरच्या वर्षात एक मोठी घडामोड झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य मोडले. गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. बीदर जिल्हा दुभंगला, उदगीर-निलंगा-अहमदपूरकडचा भाग मुंबई राज्यात आला आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे राहिले. विजापूर जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसुरात गेला आणि त्याबरोबर निंबाळही गेले. जमखंडी त्याच बाजूला गेली; उमदी, सोलापूर, अक्कलकोट अलीकडे राहिली. गुरूचे गाव एका राज्यात आणि शिष्याचे दुसऱ्या. त्यानंतर सात महिन्यांनी, ६ जून १९५७ रोजी, रानड्यांनी निंबाळला देह ठेवला.

या सीमेवरून पुढे काय काय झाले ते आपण सारे जाणतो. शाळा, पाट्या, मोर्चे, आयोग, खटले. त्यात खऱ्या तक्रारी आहेत, आणि मराठी घरातले मूल मराठी वाचायला विसरते याचे दुःख मी रोज पाहतो. माझ्याकडील काही मुलांना अभंग देवनागरीत वाचता येत नाही. ती कानडी लिपीत उतरवून घेतात आणि उत्तम गातात. त्यांच्या आजोबांना याचा विषाद वाटतो. तो मला समजतो. परंतु निंबाळच्या परंपरेत मराठी दासबोध कानडी घरांतही वाचला गेला आणि कानडी पदे मराठी घरांतही म्हटली गेली, तेव्हा कोणाची भाषा लहान झाली नाही. स्वतः रानड्यांनी दोन्ही भाषांतील संत तितक्याच बारकाईने वाचले. भाषा जगवावयाची असेल तर तिच्यातले सर्वांत मोलाचे असेल ते शेजाऱ्याच्या तोंडी बसवावे, हा मार्ग आंदोलनापेक्षा सावकाशीचा आहे. मुंगीचाच म्हणा. पण मुंगीने उचललेला दाणा वारुळापर्यंत पोहोचतो.

त्यांच्याविषयी एक गोष्ट मात्र अजून राहून गेली आहे. वचनामृतांचे संग्रह सोडले तर त्यांचे मोठे लेखन इंग्रजीत आहे. त्यामुळे तसबीर मराठी देवघरात आणि विचार इंग्रजी कपाटात अशी फाळणी झाली. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला वाटते, की विज्ञान शिकायचे तर आजीचा नेम खोटा मानला पाहिजे. आणि आजीला वाटते, की मुलगा प्रश्न विचारू लागला म्हणजे हातचा गेला. मन अन्नावर चालते हे मान्य करून मनाच्या पलीकडे पाहणारा, विचाराची उत्क्रांती श्रुतीतही दाखवणारा, आणि देवाच्या जवळ जाऊनही अंतर उरल्याचे सांगणारा एक पुरुष या दोघांच्याही ओळखीचा आहे. फक्त दोघांना त्याचा अर्धाच भाग ठाऊक आहे. नातवाने उपनिषदांवरचा तो ग्रंथ उघडून श्वेतकेतूची गोष्ट आजीला मराठीत सांगावी. आजीला ती आवडेल, आणि ती त्याला एखादा असा प्रश्न विचारील, की त्याचे उत्तर त्याला पुस्तकात पुन्हा शोधावे लागेल.